उधारीची वसुली आणि वकिलाचा खर्च

कापडाच्या धंद्यात उधारी बुडाली की व्यापारी दोनदा मार खातो. एकदा रक्कम अडकते तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ती सोडवायला वकिलाकडे जातो तेव्हा. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे आठ-बारा माग चालवणाऱ्या माणसाची लाख-सव्वा लाखाची मजुरी एखाद्या पार्टीकडे अडकली, तर तो आधी वकिलाच्या फीचा विचार करतो आणि पुष्कळदा रकमेवर पाणी सोडतो. समोरच्या पार्टीला हे पक्के ठाऊक असते. एवढ्याशा रकमेसाठी हा कोर्टाची पायरी चढणार नाही, या भरवशावर माल उचलणारे खरेदीदार आपल्या बाजारात आहेत. वकिलाचा खर्च आटोक्यात ठेवता आला, तर सोडून दिलेल्या कितीतरी रकमा परत येऊ शकतात. त्यासंबंधीची काही माहिती व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी येथे देत आहे. आपल्या प्रकरणाला त्यातले काय लागू पडते, ते मात्र वकिलाकडून तपासून घ्यावे.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वकिलाजवळ विकायला माल नसतो, वेळ असतो. आपला माणूस वकिलाकडे जातो तो पिशवीत कागद कोंबून. त्यात तीन वर्षांची बिले, दोन डायऱ्या, बँकेचा मेमो, कुणाच्या तरी हातची चिठ्ठी, आणि वर तासभर तोंडी हकीकत. त्या पिशवीतून प्रकरण काढायला वकिलाला किंवा त्याच्या ज्युनिअरला दोन-तीन संध्याकाळी लागतात आणि त्या संध्याकाळींचे पैसे फीमध्ये धरलेले असतात. जो गिऱ्हाईक कागद लावून, तारखा लिहून नेतो, त्याला कमी फी सांगताना वकिलालाही जड जात नाही. फी कमी होते ती आपल्या दुकानात, कोर्टात नव्हे.

म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तारीखवार हकीकत लिहून काढावी. ऑर्डर कधी आली, किती तागे गेले, डिलिव्हरी चलनावर सही कुणाची, बिल केव्हाचे, मुदत किती दिवसांची, कोणत्या तारखेला किती रक्कम आली, शेवटचा तगादा कधी केला. बस्स, एवढेच. पार्टी किती बेइमान आहे, त्याच्या भावाने पूर्वी काय केले, हे त्यात नको. त्याच क्रमाने कागदांच्या झेरॉक्स लावाव्यात आणि मूळ कागद आपल्याजवळ ठेवावेत.

खतावणीबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. "माझ्या वहीत लिहिलेले आहे" असे व्यापारी छातीठोकपणे सांगतो. कायद्याने हिशेबाची वही पुरावा म्हणून चालते खरी, परंतु फक्त वहीतील नोंदीवरून दुसऱ्यावर देणे लादता येत नाही. नोंदीला आधार देणारा दुसरा कागद लागतो. तो कागद म्हणजे माल पोहोचल्याची सही असलेले चलन. दहा रुपयांच्या चलनबुकावर हमालाऐवजी पार्टीच्या माणसाची सही आणि शिक्का घेतला, तर पुढे माल पोहोचला की नाही यावर साक्षीदार उभे करण्याचा खर्च वाचतो.

दुसरी अडचण खास आपल्या लोकांची. अनेक जुन्या पेढ्यांवर हिशेब उर्दूत आहेत. महाराष्ट्रातील खालच्या कोर्टांचे कामकाज मराठीत चालते, इंग्रजीही चालते. उर्दू वही हजर केली की तिचा तर्जुमा जोडावा लागतो आणि तर्जुम्याचे पैसे पानावर मोजले जातात. वही उर्दूत जरूर ठेवावी, पण बिल, चलन आणि वर्षअखेरचा खातेउतारा मराठीत किंवा इंग्रजीत असावा.

हा खातेउतारा फार कामाचा आहे. माल विकल्याच्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे. उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल दिल्यापासून ती मोजतात. मजुरीचे काम असेल तर काम पूर्ण झाल्यापासून. मुदत संपण्यापूर्वी पार्टीने बाकी कबूल असल्याची लेखी सही दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. दरवर्षी ३१ मार्चची बाकी लिहून पार्टीची सही घेण्याला एक पैसा लागत नाही. ती नसली की वकिलाला मुदतीच्या मुद्द्यावरच महिनोन्महिने भांडावे लागते. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही ताकीद कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आहे, हे आपल्यातील बहुतेकांना माहीत असते. तरीही बाजारात जबानीवर लाखाचा माल जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवरील कबुलीही पुरावा ठरू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे अशा पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यातील दाखला जोडावा लागतो. त्यासाठी मूळ फोन जपून ठेवावा. नवा फोन घेतला म्हणून जुना विकून टाकू नये.

फी ठरवताना

आपला व्यापारी सुताच्या भावात पैशा-पैशाची घासाघीस करतो, पण वकिलासमोर बसला की फी विचारायला संकोचतो. "साहेब, तुम्ही समजून घ्या" म्हणून उठतो आणि पुढे दर महिन्याला कुरकुरतो. फी पहिल्याच भेटीत विचारावी. त्यात बेअदबी नाही. वकिलालाही स्पष्ट बोलणारे गिऱ्हाईक बरे वाटते.

फी ठरवण्याच्या तीन पद्धती सर्रास दिसतात. ठोक रक्कम, कामाच्या टप्प्याप्रमाणे रक्कम, आणि प्रत्येक तारखेला रक्कम. माझे स्पष्ट मत असे की वसुलीच्या प्रकरणात तारखेप्रमाणे फी ठरवू नये. समोरचा वकील मुदत मागतो, साहेब रजेवर असतात, समन्स बजावून येत नाही, आणि काम काहीच न होता आपले पैसे चालू राहतात. टप्प्यांची पद्धत सर्वांत बरी. नोटिशीचे इतके, दावा दाखल करण्याचे इतके, पुराव्याचे इतके, युक्तिवादाचे इतके. मध्येच तडजोड झाली तर पुढच्या टप्प्याचे पैसे वाचतात.

"जेवढी वसुली होईल त्यात दहा टक्के तुमचे" अशी तोड आपले लोक मोठ्या खुशीने सुचवतात. ती चालत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वसुलीत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, आणि निकालाच्या रकमेवर टक्केवारीने मागितलेली फी बेकायदेशीर आहे असे सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितले आहे. कुणी स्वतःहून असा सौदा पुढे केला, तर त्या माणसापासून चार पावले दूर राहिलेले बरे.

फी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की हिशेब हाताबाहेर जातो. कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, नक्कल काढण्याचा खर्च, हे वकिलाच्या फीव्यतिरिक्त असते. महाराष्ट्रात चेकच्या फिर्यादीवरही रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी लागते. हा आकडा आधी विचारून घ्यावा. वकिलाच्या मुन्शीमार्फत दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी, निदान ऑनलाइन पाठवून नोंद ठेवावी. चहापाण्याच्या नावाखाली वर्षभरात किती गेले, हे कुणी जोडून पाहत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो. ठरलेल्या फीत दरखास्त धरली आहे का? हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे हातात आले असे नाही. पार्टीने तरीही दिले नाही, तर जप्तीसाठी दरखास्त करावी लागते आणि ते वेगळे काम आहे. म्हणूनच दावा लावण्यापूर्वी पार्टीजवळ जप्त करण्याजोगे काही आहे का, याची बाजारात चौकशी करावी. गाळा भाड्याचा, माग दुसऱ्याच्या नावावर, बँकेत काही नाही, अशा माणसावर निकाल मिळवून काय करणार?

वकील शक्यतो त्याच कोर्टात रोज उभा राहणारा असावा. भिवंडीच्या कामासाठी मुंबईचा मोठा वकील नेला, तर जाण्यायेण्याचे पैसे आपण देतो आणि त्याच्या सोयीने तारखा पडतात. परगावच्या पार्टीसाठी बिलावर आपल्या गावचे न्यायक्षेत्र छापलेले असते. त्याचा उपयोग होतो, पण त्या कोर्टाला मुळात अधिकार असेल तरच, म्हणजे ऑर्डर, डिलिव्हरी किंवा पैसे देणे यांपैकी काहीतरी तेथे घडलेले असेल तर. नुसत्या छापील ओळीने अधिकार निर्माण होत नाही.

चेक परत आला तर

चेक न वटण्याचे प्रकरण हे तारखांचे प्रकरण आहे. पूर्वी चेक सहा महिने चालत असे. १ एप्रिल २०१२ पासून ती मुदत तीन महिन्यांची झाली. चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पार्टीने रक्कम दिली नाही, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल करावी लागते. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाची माफी मागता येते. नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सवलत नाही. "आठ दिवसांत देतो" म्हणत पार्टी नेमके हेच तीस दिवस काढून घेते.

नोटीस वकिलानेच पाठवली पाहिजे असे कायदा म्हणत नाही. व्यापारी स्वतःच्या लेटरहेडवर पाठवू शकतो. तरी माझा सल्ला असा की येथे काटकसर करू नये. नोटिशीत चेकची रक्कम जशीच्या तशी मागावी लागते. २०२५ साली सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात चेकची रक्कम आणि नोटिशीतील मागणी जुळत नाही, एवढ्यावरून फिर्याद मोडीत काढली. टायपिंगची चूक होती हा खुलासाही चालला नाही. व्याज आणि खर्च मागायचा तर तो चेकच्या रकमेपासून वेगळा लिहावा. नोटिशीच्या चार पैशांत बचत करून लाखाची फिर्याद गमावणे हा महागडा सौदा आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवावी. जुने रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे.

२०१५ च्या दुरुस्तीने मोठी सोय झाली. आपण चेक आपल्या खात्यात भरला, तर आपले खाते ज्या शाखेत आहे तेथील कोर्टात फिर्याद करता येते. २०१४ च्या एका निकालामुळे पार्टीच्या बँकेच्या गावी जावे लागत होते आणि सुरत-अहमदाबादचे भाडेच परवडत नव्हते. २०१८ पासून आणखी एक तरतूद आहे. आरोपीने गुन्हा नाकारला, की खटला चालू असतानाच चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट करू शकते. तसा अर्ज करायला वकिलाला आठवण करावी.

दुकान बंद ठेवून तारखेला जाणे हासुद्धा खर्चच आहे. लेखी मुखत्यारपत्र देऊन मुलाला किंवा मुनीमाला उभे करता येते. अट एवढीच की त्याला व्यवहाराची स्वतः माहिती असली पाहिजे. ऑर्डर घेताना आणि माल पाठवताना जो हजर होता, त्याच्याच नावे मुखत्यारपत्र करावे.

चेक नाही आणि करारही नाही, म्हणून काही जण थेट पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्यायला धावतात. त्यापायी वकिलाला आणि इतरांना पैसे जातात आणि हाती फारसे काही लागत नाही. पैसे न देणे एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही. सुरुवातीपासूनच ठकवण्याचा इरादा होता, हे दाखवावे लागते.

मागवाल्यांसाठी वेगळी वाट

माग, साइझिंग, भरतकाम, शिलाई यांपैकी काही चालवणाऱ्या लहान कारखानदारासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाकडून माल अथवा काम घेतले, तर करारात काहीही लिहिले असले तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. कापडात "माल खराब निघाला" ही सबब नेहमीची. या कायद्याप्रमाणे डिलिव्हरीपासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. सहा महिन्यांनी खोट काढणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

वसुलीसाठी राज्य सरकारच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तेथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, न जमल्यास लवाद चालतो. वकील सक्तीचा नाही. निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर देणेकऱ्याला पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही गोष्ट ऐकूनच पुष्कळ लोक तडजोडीला येतात. मात्र उद्यम नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी. माल गेल्यानंतर काढलेल्या नोंदणीवरून कोर्टात वाद झालेले आहेत. आणि माझ्यासारख्या नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा फायदा नाही. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती.

व्यापाऱ्याचा दावा तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल तर तो व्यापारी न्यायालयाच्या कायद्याखाली येतो. तेथे तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो न करता लावलेला दावा फेटाळला जातो, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली पक्के केले. वकिलाने हा टप्पा सोडायला सांगितले, तर कारण विचारावे. मध्यस्थीतच प्रकरण मिटले तर कोर्ट फी वाचते आणि धंद्याचे संबंधही टिकतात.

लोकअदालतीत प्रकरण मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून गर्दीत घाईने सही करू नये. हप्ते किती, कोणत्या तारखांना, एक हप्ता चुकला तर काय, हे सर्व लिहून घ्यावे.

ज्याच्याजवळ फीच नाही, त्याने कोर्टाच्या आवारातील विधी सेवा समितीत जावे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. स्त्रिया, अपंग, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अटही नाही. आपल्या मोहल्ल्यांतून घरोघरी जरीकाम, शिलाई, गोधडीचे काम करणाऱ्या बाया आहेत. दलालाने मजुरी बुडवली तर त्या गप्प बसतात. त्यांना वकील फुकट मिळतो, हे त्यांच्या कानावर घालायला हवे. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

खटला चालू झाला की आपल्या प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वकिलाकडून लिहून घ्यावा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले, हे घरबसल्या दिसते. नुसती तारीख विचारायला ऑफिसात खेटे घालणे थांबते, आणि त्या दिवशी खरोखर काम झाले की नाही तेही कळते.

वकिलाशी जमेनासे झाले तर बदलता येतो. थकलेल्या फीसाठी वकिलाला गिऱ्हाईकाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सुप्रीम कोर्टाने २००० साली म्हटले आहे. फी खरोखर बाकी असेल तर ती द्यावीच. पण बदलामुळे नवा वकील प्रकरण पहिल्यापासून वाचतो आणि त्याचे पैसे पुन्हा लागतात, तेव्हा किरकोळ रागावरून बदल करू नये. करायचाच ठरला, तर फाइल ताब्यात घेताना मूळ चेक, बँकेचा मेमो आणि नोटिशीची पोहोच आत आहे ना, ते एकेक कागद मोजून पाहावे आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात.